गाजर गवत खरेच पीएल-४८०च्या गव्हातून आले का?

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन चांगले सडाके झाले की बजाजनगरात एक दृश्य दरवर्षी दिसते. वसाहतीतील मोकळे भूखंड, कंपन्यांच्या कुंपणालगतच्या पट्ट्या, वडगाव कोल्हाटीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडा, नाल्यांचे काठ हे सारे पंधरा दिवसांत हिरवेगार होते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कोणी मेथीचे वाफे केले आहेत. महिनाभरात त्या हिरव्यावर तांदळाच्या दाण्यांएवढी पांढरी फुले येतात आणि मग ओळख पटते : गाजर गवत.

आणि त्याच सुमारास प्रत्येकाच्या मोबाइलवर तो ठरलेला संदेश येतो. अमेरिकेने पीएल-४८० योजनेखाली भारताला सडका गहू दिला, त्या गव्हात हे बी मिसळलेले होते, आणि ते मुद्दाम मिसळलेले होते. गेल्या काही वर्षांत हा मजकूर इतक्यांदा वाचला आहे की त्यातील शुद्धलेखनाच्या चुकाही पाठ झाल्या आहेत.

या कथेत सत्य किती आणि रचलेले किती, हे तपासण्यासाठी आजचा धागा. थोडा लांब आहे, परंतु एका तणाच्या निमित्ताने स्वातंत्र्योत्तर भारताच्या भुकेचा, औषधशास्त्राचा आणि आपल्या वाळूजच्या मातीचाही इतिहास त्यात येतो.

प्रथम नावाविषयी. गाजर गवत हे गवत नव्हे, आणि गाजराशी त्याचे काही नातेही नाही. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, एवढाच संबंध. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. कुळ सूर्यफुलाचे. म्हणजे दसऱ्याचा झेंडू, शेवंती, मराठवाड्याच्या शिवारातील करडई, आदिवासी पट्ट्यातील कारळा ही सर्व त्याची भावकी. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात अनेक बारीक फुलांचे स्तबक असते; गाजर गवताच्या स्तबकाला पाच टोके असतात, म्हणून ते चांदणीसारखे दिसते. पार्थेनियम ही प्रजाती मूळची अमेरिका खंडातील. मेक्सिकोचे आखात आणि त्याभोवतीचा प्रदेश हे आपल्या या तणाचे माहेर मानले जाते.

‘काँग्रेस गवत’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक, पांढऱ्या फुलांनी भरलेले रान पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखे दिसते. दुसरी, ते काँग्रेसच्या राजवटीत आले. कर्नाटकातही त्याला काँग्रेसचेच नाव आहे. लोकांनी नाव ठेवताना वनस्पतीच्या रूपापेक्षा काळावर बोट ठेवले असावे, असे मला वाटते. कारण टोपीसारखी पांढरी फुले आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण राग इतका कोणत्याच फुलावर नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे.

या वनस्पतीची भारतातील आधुनिक नोंद पुण्याची आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांना १९५५च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर ही अनोळखी झाडे दिसली. त्यांनी ती ओळखली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून दोन-तीन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. टिपण छोटे होते. तेव्हा कोणालाही वाटले नसेल की उकिरड्यावरची ती तुरळक झाडे पुढील पन्नास वर्षांत कोट्यवधी हेक्टर व्यापतील.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पब्लिक लॉ ४८० या अमेरिकी कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी स्वाक्षरी केली. अमेरिकेच्या कोठारांत साठलेले जादा धान्य मित्रराष्ट्रांना त्यांच्याच चलनात विकायचे, हे त्याचे सूत्र. परंतु कायदा झाला म्हणजे लगेच भारतात गहू आला असे नाही. भारताशी या कायद्याखालील पहिला मोठा करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. त्यानंतर जहाजे, त्यानंतर गोदामे, त्यानंतर रेशनची दुकाने.

म्हणजे पुण्याच्या उकिरड्यावर झाडे फुलत होती तेव्हा हा करार झालेलाच नव्हता. शिवाय झाड फुलायला आधी बी पडावे लागते, रुजावे लागते, आणि जाणकाराच्या नजरेत भरण्याइतकी संख्या व्हावी लागते. पीएल-४८०च्या गव्हाने हे तण भारतात ‘पहिल्यांदा’ आणले, हे विधान पंचांगावरच अडते.

मग अमेरिका निर्दोष सुटली का? थांबा. इथेच बहुतेक ‘मिथक खोटे ठरवणारे’ धागे घाई करतात.

पीएल-४८०च्या आधीही अमेरिकेचा गहू भारतात आला होता. १९५०-५१च्या तीव्र टंचाईत नेहरू सरकारने अमेरिकेकडे मदत मागितली. अमेरिकी काँग्रेसमध्ये कित्येक महिने वाद झाला; भारताच्या अलिप्त धोरणावर राग होता, कोरियाच्या युद्धावरून नाराजी होती. अखेर १५ जून १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी भारतासाठीच्या आपत्कालीन अन्न-कायद्यावर स्वाक्षरी केली. १९ कोटी डॉलरचे कर्ज, त्यातून सुमारे २० लाख टन धान्य. हा गहू पुण्यातील नोंदीच्या तीन-चार वर्षे आधीचा आहे. काळाच्या हिशेबात हा धागा चपखल बसतो.

दुसरा पुरावा वनस्पतीच्या रसायनात आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. या जातीचे दोन ठळक प्रकार आहेत. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अर्जेंटिना-बोलिव्हियाकडे, फुले पिवळसर असतात आणि झाडातील प्रमुख कडू द्रव्य हायमेनिन असते. उत्तर अमेरिकी प्रकाराची फुले पांढरी आणि द्रव्य पार्थेनिन. आपल्याकडचे गवत पांढऱ्या फुलांचे आहे आणि त्यात पार्थेनिन आहे. म्हणजे पाहुणा कोठून आला हे त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे : उत्तर अमेरिकेकडून.

तिसरी गोष्ट मात्र संपूर्ण कथेला वेगळेच वळण देते. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या १८१४ सालच्या ग्रंथात, म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांच्या यादीत, या वनस्पतीचे नाव आहे. पेशवाई अजून शिल्लक होती तेव्हाची ही गोष्ट! डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील वनस्पतिसंग्रहात डीट्रिख ब्रँडिस यांच्या काळातील, १८८० सालचा नमुनाही आहे. ब्रँडिस म्हणजे भारतातील वनखात्याचे पहिले महानिरीक्षक.

म्हणजे ‘भारतासाठी नवी नोंद’ ही खरे तर नवी नव्हती. राव यांची चूक काढण्यासाठी हे सांगत नाही. दीडशे वर्षांतील उद्यानांच्या याद्या आणि बंद कपाटांतील वाळवलेली झाडे त्या काळी एका टिपणासाठी कोण उलगडत बसणार? परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. वनस्पती देशात पहिल्यांदा केव्हा आली, हा एक. ती तण म्हणून केव्हा सुटली, हा दुसरा. कलकत्त्याच्या बागेत ती शे-सव्वाशे वर्षे कोणालाही त्रास न देता नांदली असेल किंवा नाहीशीही झाली असेल. पुण्यातून मात्र ती निघाली आणि थांबली नाही. त्यामुळे पुण्याची झाडे नव्याने आलेल्या बियांची, हेच अनुमान अधिक सयुक्तिक ठरते.

जगात इतरत्र हे तण कसे पोहोचले तेही पाहू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील टूगूलावा येथे त्याची पहिली नोंद १९५५ची, म्हणजे पुण्याच्याच सुमारास. तेथे ते दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या सुट्या भागांबरोबर आल्याचे मानले जाते. त्याच राज्यात क्लेरमाँटजवळ ते पुन्हा आले, ते टेक्सासहून मागवलेल्या कुरणगवताच्या बियाण्यातून. आणि पसरले ते हे दुसरे. इथिओपियात दुष्काळी मदतीच्या धान्याकडे आणि सोमालियाबरोबरच्या युद्धातील वाहनांकडे बोट दाखवले जाते. युद्ध, दुष्काळ, धान्य आणि यंत्रे. बी मुद्दाम मिसळले होते याचा पुरावा यांपैकी एकाही देशात नाही, आणि त्याची गरजही नाही. मोहरीपेक्षा बारीक बी धान्याच्या पोत्यात, टायरच्या खाचेत, बुटाच्या तळव्याला चिकटून जाते. कटाची कल्पना करणाऱ्यांनी एकदा धान्याच्या गोदामाचे तळघर झाडून पाहावे.

तर मग पीएल-४८०चा वाटा शून्य का? तसेही नाही. १९६५ आणि १९६६च्या लागोपाठच्या दुष्काळांत भारताची अवस्था अशी होती की जहाजातून उतरलेले धान्य थेट तोंडात जावे. एका १९६६ सालात सुमारे १ कोटी टन धान्य आयात झाले, त्यातील बहुतांश अमेरिकेचे. आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन प्रत्येक जहाजाची परवानगी स्वतः अडवून धरीत, कारण व्हिएतनामवरील भारताची टीका त्यांना झोंबत होती. इतके धान्य बंदरांतून रेल्वेने देशभर गेले. त्यासोबत तणाचे बी पुन्हा पुन्हा आले असणे सहज संभवते. पहिला गुन्हेगार नसला तरी पीएल-४८० साथीदार असू शकतो. त्या गव्हाविषयीचा लोकांचा कडवटपणा खरा होता. त्या अपमानाच्या आठवणीला एक दिसणारे, उपटता येणारे रूप हवे होते, आणि ते या तणात सापडले, असे मला वाटते.

आमच्या मराठवाड्यात या कथेचे वेगळे रूप ऐकू येते. येथील जुनी माणसे गव्हाचे नाव घेत नाहीत, मिलोचे घेतात. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल, परदेशी ज्वारी म्हणजे मिलो. तिची भाकरी थापताना तुटे. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी मिलोची भाकरी किंवा वाटलेली सुकडी खायची, ही त्या पिढीची आठवण. ‘मिलोसंगं आलं हे गवत,’ असे म्हणणारे आजोबा मी ऐकले आहेत. त्यांचे विधान आगमनाच्या अर्थाने टिकत नाही, कारण १९७२पूर्वीच हे तण महाराष्ट्र-कर्नाटकात पसरलेले होते. पण त्यांच्या शिवारात ते त्याच वर्षांत पहिल्यांदा दिसले असेल, तर नवल नाही. दुष्काळी कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. माती-मुरूम एका गावाहून दुसऱ्या गावाला गेला. उघडी पडलेली, उकरलेली, कोणी न पेरलेली जमीन हीच गाजर गवताची खरी आवड. घट्ट कुरणात ते सहसा शिरत नाही.

आकडेही ध्यानात घ्या. एक झाड १५ ते २५ हजार बिया देते. ओल मिळाली की उगवते, चार ते सहा आठवड्यांत फुलू लागते, वर्षात तीन-चार पिढ्या उरकते. जनावरे तोंड लावत नाहीत. उपासमारीत खाल्लेच तर दुधाला कडवट चव येते. जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेतील अभ्यासकांचा अंदाज भारतातील सुमारे ३.५ कोटी हेक्टर क्षेत्राचा आहे.

पण या तणाचा इतिहास शेतापेक्षा माणसाच्या कातडीवर अधिक ठळकपणे लिहिला गेला. आणि ते पानही पुण्यातच उघडते.

१९६०च्या दशकात पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे एक विचित्र विकार घेऊन माणसे येऊ लागली. बहुतेक पुरुष, बहुतेक उघड्यावर काम करणारे. पापण्या सुजलेल्या, मानेच्या बाजू, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचा लालभडक, खाज असह्य. पावसाळ्यात वाढे, नंतर उतरे, पुढच्या पावसाळ्यात अधिक जोराने येई. काही वर्षांत चेहऱ्याची कातडी जाड, सुरकुतलेली होऊन माणूस ओळखू येईना. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ साली या वनस्पतीमुळे झालेल्या त्वचादाहाच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. १९७४ साली लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसमवेत लंडनच्या एका त्वचारोगविषयक नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला, आणि पुण्याचा हा विकार जगाच्या वैद्यकीय नकाशावर आला.

कारण होते तेच पार्थेनिन. १९५९ साली अमेरिकेत हर्झ आणि वातानाबे या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटवली होती, ती निव्वळ वनस्पतिरसायनाच्या कुतूहलातून. पुण्याच्या रुग्णांशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. पार्थेनिन पानांवरच्या बारीक लवेत असते, वाळलेल्या झाडाच्या भुग्यातही असते, वाऱ्याने उडते. म्हणून झाडाला हात न लावणारा माणूसही आजारी पडतो. परागकणांमुळे नाक वाहणे आणि दमा होतो तो वेगळाच.

एक गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवा. पहिल्या स्पर्शाला बहुधा काहीच होत नाही. शरीर वर्षानुवर्षे संवेदनशील होत जाते आणि एक दिवस भडका उडतो. एकदा उडाला की आयुष्यभर पाठ सोडत नाही. दर ऑगस्टमध्ये आपल्याकडे गाजर गवत निर्मूलन सप्ताह होतो. त्याची छायाचित्रे पाहताना मला धडकी भरते : गणवेशातील मुले, उघडे हात, हातात फुलावर आलेली झाडे, चेहऱ्यावर हसू. ‘मला काही होत नाही’ असे जो आज म्हणतो त्याची गणती अजून सुरू व्हायची आहे, एवढेच.

थोडे विषयांतर करतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच प्रजातीतील एक भाऊ सभ्य निघाला. पार्थेनियम अर्जेंटाटम, स्थानिक नाव ग्वायुले, उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या वाळवंटातील झुडूप. त्याच्या खोडात रबर असते. १९४२ साली जपानने मलाया घेतला आणि दोस्तराष्ट्रांचे रबर तुटले, तेव्हा अमेरिकेने तातडीची रबर योजना काढून हजारो एकरांवर ग्वायुले लावले. कॅलिफोर्नियातील मँझनार छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या झुडुपावर संशोधन केले. ज्या देशाने त्यांना काटेरी तारांमागे ठेवले, त्याच देशाच्या टायरसाठी. युद्ध संपले, कृत्रिम रबर स्वस्त झाले आणि उभी शेते मोडण्यात आली. वाळूज औद्योगिक वसाहतीत टायरचाही कारखाना आहे आणि त्या परिसरातील रिकाम्या जागांवर ग्वायुलेचा बदनाम भाऊ डोलतो, हा योगायोग मला दर वेळी मजेशीर वाटतो.

तणाशी सरकार कसे लढले? कर्नाटकाने १९७५ साली त्याला कायद्याने घातक तण ठरवले. कायद्याने तण मरत नाही, हे लवकरच दिसले. मग शोध सुरू झाला तो त्याच्या माहेरच्या शत्रूंचा. १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकलराटा नावाचा भुंगेरा बंगळुरूला आणला गेला. फिकट पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेला, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. हा दुसरे काही खात नाही ना, याच्या चाचण्या झाल्यावर १९८४ साली त्याला मोकळे सोडण्यात आले. के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. काही पावसाळ्यांतच बंगळुरूच्या परिसरात गाजर गवताचे पट्टेच्या पट्टे निष्पर्ण दिसू लागले.

आणि मग १९९१च्या सुमारास कर्नाटकातील शेतकऱ्यांना हेच भुंगेरे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले. एकच ओरड झाली. आधी अमेरिकेने तण पाठवले, आता शास्त्रज्ञांनी कीड आणली! चौकशी समिती नेमली गेली, भुंगेरा सोडण्याचे काम अडले. संशोधकांनी शेतात पुन्हा प्रयोग केले आणि उत्तर मिळाले ते विलक्षण होते : सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण पडलेले असत, त्या ओळखीच्या वासाने भुलून भुंगेरे ती पाने कुरतडत. तीही थोडीच. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातील, हे आपण सुरुवातीला पाहिलेच.

आज हा भुंगेरा महाराष्ट्रातही सर्वत्र आहे. परंतु तो पावसाळी पाहुणा. पाऊस ओसरला की मातीत शिरून निद्रिस्त होतो, आणि गाजर गवत मात्र सांडपाण्याच्या ओलीवर बारमाही फुलते. दुसरा उपाय आपल्या ओळखीचा : तरोटा, ज्याला कोकणात टाकळा म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे बी दाट विखुरले तर पावसात तो गाजर गवताला उगवू देत नाही. शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते.

आता पुन्हा बजाजनगरात येऊ. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याआधी वाळूज, पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगाव, वडगाव कोल्हाटी ही शेतकऱ्यांची गावे होती. ज्वारी-बाजरीची, हलक्या मुरमाड रानांची. जमीन संपादित झाली, सपाट झाली, आखली गेली. जेथे खुरपणी करणारा हात होता तेथे भूखंडाचा क्रमांक असलेला दगड आला. कारखाने उभे राहिले, कामगारांसाठी वसाहत झाली, आणि दोन कारखान्यांच्या मधली, अजून कोणीच न वापरलेली जागा गाजर गवताकडे गेली. पुण्याच्या उकिरड्यावरून निघालेल्या झाडाला याहून सोयीची जमीन कोणती मिळणार होती?

आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक मोकळा भूखंड आहे. मागच्या जुलैत आम्ही सात-आठ जणांनी तो फुले येण्यापूर्वी साफ केला. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट, नाकाला रुमाल, आणि ज्यांना आधीपासून खाज होती त्यांना घरी बसवून. उपटलेली झाडे खड्ड्यात कुजवली. फुलावर आलेली असती तर तेही टाळले असते, कारण बी खतातून शेतात जाते. मोकळ्या जागेवर तरोट्याचे बी फेकले. या वर्षी अर्ध्या भूखंडावर तरोटा आहे, अर्ध्यावर पुन्हा तेच. जून अखेरीस दुसरा हप्ता आहे. आसपास राहणाऱ्यांनी यावे, मोजे स्वतःचे आणावेत.